पाड्यावर पोषणाचा वर्ग: पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

कुपोषणावर काम करायचं ठरवलेल्या मंडळींचा पहिला फोन बहुधा तक्त्यांसाठी येतो. तिरंगी थाळीचा तक्ता, जीवनसत्त्वांचा तक्ता, हात धुण्याचा तक्ता, हे सगळं कुठे छापून मिळतं? मी सांगते, तक्ते राहू द्या, आधी पाच लिटरचं एक पातेलं घ्या. समोरचा हसतो. मी थट्टा करत नाहीये हे लक्षात आलं की गप्प होतो.

हा लेख अशांसाठी आहे: एनएसएसचं युनिट, बचत गटातल्या बायका, निवृत्त शिक्षक, संस्थेत वर्षभरासाठी आलेली मुलं-मुली. उदाहरणं पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांची आहेत, कारण माझा वावर तिथला. तुमचं गाव मेळघाटात असेल किंवा नंदुरबारला, तर धान्याची नि भाज्यांची नावं बदला, बाकी क्रम तोच ठेवा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने बारीक आढळली. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२ साली गाजले, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली सुरू झालं, पोषण अभियान २०१८ साली आलं. तेव्हा 'मुलाला भाजी-डाळ द्या' हे पाड्यावरच्या बाईने तुमच्याआधी वीसेक जणांकडून ऐकलेलं असतं. एकविसावे तुम्ही. आईला कळत नाही म्हणून मूल बारीक राहतं, ही समजूत घरी ठेवून या. तिचं अडतं ते वेळेवर, सरपणावर, पाण्यावर, आणि दिवसभर मूल कोणाच्या कडेवर असतं यावर. वर्ग घ्यायचा तो या अडचणींचा.

आधी कोणाकडे जायचं

अंगणवाडी सेविकेकडे. सरपंच नंतर, पंचायत समिती त्याच्याही नंतर. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात फक्त ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. आज पाड्यावरच्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख आणि मागच्या महिन्याचं वजन सेविकेच्या रजिस्टरात नि मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये असतं. तिला वगळून केलेलं काम तुम्ही निघून गेलात की संपतं.

तिच्याकडे जाताना 'आम्ही तुमच्या मुलांना शिकवायला आलोय' असं म्हणू नका. तिच्यावर आधीच रजिस्टरं, ॲप, गृहभेटी, सर्वेक्षण आणि निवडणुकीची कामं असतात. 'ताई, तुमचं कोणतं काम आम्ही उचलू?' असं विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'वजनाच्या दिवशी मुलं गोळा करा.' करा. दोन महिने नुसतं तेवढंच केलंत तरी चालेल. मदतनीस मावशींशी मात्र पहिल्या दिवसापासून ओळख वाढवा. कोणत्या घरी चूल एकदाच पेटते, कोणाचा नवरा परवा भांडून गेला, हे रजिस्टरात नसतं, मावशींना ठाऊक असतं.

त्यानंतर आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर, आणि सेविकेच्या वरच्या पर्यवेक्षिका, ज्यांना पाड्यावर अजून 'मुख्यसेविका मॅडम' म्हणतात. प्रकल्प अधिकाऱ्यांना, म्हणजे सीडीपीओंना, एक पानी पत्र द्या आणि पोच घ्या. महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस असतो. लसीकरण, तपासणी आणि वजन त्याच दिवशी होतं. त्याची तारीख विचारून घ्या आणि तुमचं वेळापत्रक त्याभोवती बसवा. सप्टेंबरात पोषण माह असतो. तेव्हा वेगळा कार्यक्रम काढू नका, त्यांच्याच कार्यक्रमात हात लावा. पाककृती स्पर्धेत बीटाचे गुलाब आणि गाजराच्या होड्या मांडलेल्या दिसतील. त्या कोणाच्याच घरी होत नाहीत. कौतुक करा, पुढे जा.

पहिला महिना: बोलू नका, विचारा

'मुलाला भाजी देता का?' या प्रश्नाला उत्तर 'हो' असंच येणार. तो प्रश्नच विचारू नका. विचारा, 'काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत बाळाच्या तोंडात काय काय गेलं?' मध्ये टोकू नका, नाक मुरडू नका. 'सकाळी चहा-बटर, मग झोपला, मग आजीने भात दिला, पाणी घालून, मग पुडा, रात्री आमच्यातलंच.' हे एका मुलाचं कालचं खाणं झालं. अशा पंचवीस-तीस घरांच्या नोंदी झाल्या की काय शिकवायचं ते आपोआप दिसायला लागतं. बऱ्याच पाड्यांवर मला दिसलं ते असं: अन्नाचा प्रकार तितका वाईट नाही, पण खाणं दिवसातून दोनदाच आणि फार पातळ.

भाषेचंही बघा. वारली, कातकरी, कोकणा घरांत बोलली जाणारी भाषा शाळेतली मराठी नसते. तुमची मराठी समजते, पण मन मोकळं होत नाही. पाड्यावरचीच एखादी बोलकी बाई सोबत घ्या आणि तिला तिच्या वेळेचे पैसे द्या. फुकट राबवू नका.

याच महिन्यात एका कागदावर पाड्याचं वर्ष मांडा. घरातलं भात-नागली (नाचणी) कधी संपतं, लावणी कधी, रानभाज्या कधी, वीटभट्टीवर कोण कधी जातं. दिवाळीनंतर अर्धा पाडा भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर गेलेला असतो आणि पावसाच्या तोंडावर परततो. मी पहिल्या वर्षी जानेवारीत वर्ग ठेवला होता. समोर चार आज्या आणि एक कुत्रं. जून-जुलैमध्ये बाया लावणीच्या चिखलात असतात, तेव्हाही दुपारचा वर्ग जमत नाही. मात्र नेमके तेच महिने, लावणीपासून भाताची कापणी होईपर्यंतचे, घरात धान्य सर्वांत कमी असण्याचे. वर्ग याच महिन्यांत हवा, आणि वेळ सकाळी कामावर निघायच्या आधीची किंवा संध्याकाळची हवी.

दंडाची पट्टी

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मधला घेर मोजण्याची पट्टी, जिला सगळे एमयूएसी टेप म्हणतात, वापरायला शिका. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषित, बोलीत 'सॅम'. ११.५ ते १२.५ च्या आतलं पिवळं, मध्यम कुपोषित, 'मॅम'. त्यापुढे हिरवं. पट्टी आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. पहिल्या दिवशी वीस मुलांचं मोजमाप सेविकेसोबत करा आणि दोघींचे आकडे जुळतात का बघा.

दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. खळगा राहिला तर ती सूज आहे, आणि मग पट्टी हिरवी आली तरी मूल तीव्र कुपोषितच धरायचं. अशी सूज, लाल पट्टी असून खायलाच नकार, ताप, जुलाब, मरगळ, यांतलं काहीही दिसलं तर ते मूल तुमच्या वर्गाचं नाही. त्याच दिवशी आशाताईंमार्फत आरोग्य केंद्रात, तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात. तीव्र कुपोषित पण खेळतं-खातं मूल असेल तर त्यासाठी अंगणवाडीत ग्राम बाल विकास केंद्र चालवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. बोलता बोलता सगळे त्याला व्हीसीडीसी म्हणतात. ते केंद्र चालू आहे का, एवढं विचारा.

एक सांगते आणि ते मी नियम म्हणून सांगते. लाल पट्टी लागलेल्या मुलाचा फोटो काढायचा नाही. सभेत 'हे कुपोषित' असं बोट दाखवून म्हणायचं नाही. एका वर्गात आमच्याच एका उत्साही मुलाने पाटीवर लाल यादी लिहिली. त्यातल्या तिघी पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यातल्या एकीच्या घरी मी पुढे चार वेळा गेले, तिने दार उघडलं, पाणी दिलं, वर्गाचं नाव काढलं नाही. पाड्यावरचा शब्द वापरा: 'बारीक आहे', 'सुकतंय'. मुलाला भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाकडे, नेत असतील तर भांडू नका. भगतालाच जाऊन भेटा, आणि मूल आलं की तुमचं झाल्यावर आमच्याकडेही धाडा, असं सांगून या. बहुतेक धाडतात.

शेजारणीचं पातेलं

सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. तुमच्या नोंदींतून अशी दोन-तीन घरं शोधा जी इतरांइतकीच गरीब आहेत, ज्यांची जमीन तेवढीच आहे, मुलंही तेवढीच आहेत, आणि तरी मूल हिरव्या पट्टीत आहे. ज्या घरी नोकरी आहे किंवा दुभती म्हैस आहे ते घर यात धरू नका. ती वेगळी गोष्ट झाली.

व्हिएतनाममध्ये १९९० च्या सुमारास जेरी आणि मोनिक स्टर्निन या दांपत्याने थान्ह होआ प्रांतातल्या खेड्यांत असंच केलं. गरीब घरांतल्या धडधाकट मुलांच्या आया भातखाचरातली बारीक कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलाच्या भातात घालत होत्या. बाकीचे लोक ते लहान मुलांना चालत नाही असं मानत. शिवाय त्या दिवसातून जास्त वेळा भरवत, आणि आधी हात धूत. बाहेरून काहीही न आणता तेच इतर आयांनी एकत्र बसून करायला घेतलं.

हे वाचल्यावर मला आमच्याकडची सुकट आठवली. आठवडी बाजारातून आणलेली सुकट कोरड्यासाला मोठ्यांच्या ताटात पडते, बाळाला 'उष्ण' म्हणून देत नाहीत. एका घरातली आजी मात्र ती धुऊन, भाजून, वाटून चिमूटभर नातवाच्या मऊ भातात टाकत होती. तिच्या पातेल्याने जे शिकवलं ते माझ्या तोंडच्या प्रथिनांच्या गप्पांनी कधी जमलं नसतं. पुढच्या वर्गाला मी बोललेच नाही, आजी बोलली.

तुमच्या पाड्यावर सुकट नसेल. खुरासणीची चटणी असेल, शेतातले खेकडे असतील, शेवग्याचा पाला असेल, किंवा नुसतं एवढंच असेल की ती आई मजुरीला जाताना डब्यात बाळाचा वेगळा भात बांधते. शोधा. सापडेपर्यंत वर्ग सुरू करू नका.

बारा दिवस

आठ ते दहा आया, सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, शेजारणीचं अंगण, रोज दीड तास, सलग दहा ते बारा दिवस. एका दिवसाचं प्रशिक्षण नको. भाषण एका दिवसात होतं, हाताला सवय लागायला दिवस जातात. मूल रोज समोर बसून खातं, पाचव्या-सहाव्या दिवशी त्याची भूक वाढलेली आईला स्वतःला दिसते, आणि मग तुम्हाला फारसं सांगावं लागत नाही. बारा दिवसांनंतर दोन आठवडे तेच घरी करायचं, तुम्ही दर दोन दिवसांनी डोकवायचं.

प्रत्येकीने घरून काहीतरी आणायचं: मूठभर तांदूळ, डाळ, पाला, एक अंडं, सरपणाची काडी. सगळं तुम्ही आणलंत तर तो भंडारा होतो, आणि तेरा दिवसांनी संपतो. तेल आणि मीठ आम्ही नेतो. मीठ आयोडीनचं, पिशवीतलं, तोंड बांधून डब्यात ठेवायचं.

ही वेळ जेवणाची ठेवू नका, मधल्या खाण्याची ठेवा. नाहीतर 'तिथे खाल्लंय ना' म्हणून घरचं जेवण बुडतं. घरपोच मिळणाऱ्या आहाराचं म्हणजे टीएचआरचं आणि अंगणवाडीतल्या खाऊचंही तेच होतं. ते जोडीला असतं, जेवणाऐवजी नसतं, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. पाकीट घरात सगळे मिळून खातात हे मला माहीत आहे. त्यावर चिडून उपयोग नाही. पाच जणांच्या घरात एकाचंच पाकीट लपवून ठेवणारी आई मी तरी अजून पाहिली नाही. आदिवासी भागात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. तुमच्या वर्गातल्या किती जणींची नावं त्यात आहेत, हे बारा दिवसांत तपासून घ्या. नाव चढवून देणं हाही पोषणाचा वर्गच.

काय शिजवायचं

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध. जन्मल्यावर तासाभरात पाजायचं, चीक म्हणजे पहिलं घट्ट दूध फेकायचं नाही, वरचं पाणी नाही, गुटी नाही, मध तर वर्षापर्यंत नाहीच. मधातून बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते. सहा महिने झाले, म्हणजे १८० दिवस भरले, की उष्टावण. उष्टावण थाटात होतं, मामा येतो, खिरीचं बोट लावतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नुसतं दूध. दहाव्या महिन्यापर्यंत. वर्गाला सर्वांत तरुण आया या टप्प्यावरच्या मिळाल्या तर तुमचं नशीब चांगलं.

आता वाटीचं गणित. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं. सात किलोच्या बाळाला म्हणजे दोनशेच्या आसपास. एवढ्याशा जागेत डाळीचं पाणी भरलं तर बाळ ढेकर देतं आणि आई समाधानाने कामाला लागते, पण पोटात गेलं ते पाणीच. म्हणून आमच्या वर्गातली पहिली कृती चमचा उलटा करण्याची. चमच्यातलं अन्न तिरकं केल्यावर हळूच सुटलं तर ठीक, धारेने ओघळलं तर पातळ. पेजेच्या दोन वाट्या मांडा, एक पातळ, एक घट्ट, आणि प्रत्येकीला चमचा उलटा करू द्या. तक्ता नको म्हणते तो यासाठीच.

दुसरं, वाटी. सरकारी पुस्तकात वाटी २५० मिलीची. पाड्यावरच्या स्टीलच्या वाट्या दीडशेच्या, कधी शंभरच्या. माप न्या, प्रत्येकीच्या घरची वाटी पाण्याने भरून मोजा आणि तिच्याच वाटीच्या भाषेत सांगा. २५० च्या वाटीचा हिशोब असा. सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन ते तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांना अर्धी वाटी, तीन ते चारदा. वर्ष ते दोन वर्षांना पाऊण ते पूर्ण वाटी, तीन ते चारदा, आणि मध्ये एखाद-दुसरा खाऊ. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू. बाळाची ताटली वेगळी हवी. मोठ्यांच्या ताटात भरवलं की त्याने किती खाल्लं ते कोणालाच कळत नाही, आणि तिखट लागलं की ते तोंड फिरवतं.

खिचडीचं माप मुठीने: दोन मुठी तांदूळ किंवा वरई, एक मूठ तूर किंवा मूग, मूठभर चिरलेला पाला, हळद, मीठ बेताचं. ताटलीत वाढल्यावर वरून एक चमचा तेल. तेल घातलं की खोकला होतो असं म्हणतात. होत नाही, पण वाद घालू नका, चौथ्या दिवशी बाळ खोकत नाहीये हे दाखवा.

नागलीचं मोडाचं पीठ हा माझा लाडका विषय आहे, म्हणून जरा सविस्तर. नागली निवडून, धुऊन रात्रभर भिजवायची. सकाळी निथळून सुती फडक्यात बांधून दिवसभर टांगायची, फडकं सुकू द्यायचं नाही. बारीक पांढरे मोड दिसले की सावलीत वाळवायची. त्यातला मोठा भाग हलका भाजून दळायचा, त्याची लापशी किंवा पेज होते. थोडा भाग मात्र न भाजता दळून वेगळ्या डब्यात ठेवायचा. मोडात जी पाचकं तयार होतात ती जास्त भाजल्याने मरतात. घट्ट शिजलेल्या पेजेत, ती जरा निवल्यावर, हे न भाजलेलं पीठ चमचाभर घालून ढवळा. दोन-चार मिनिटांत ती डोळ्यांदेखत सैल होते. मग पुन्हा एक उकळी द्या. पाणी न वाढवता पातळ झाली, म्हणजे त्याच वाटीत नागली जास्त गेली. वर्गात हे करून दाखवलं की बाया हसतात, एकीने तर मला भगतीणच म्हटलं. आणि फडक्यातून गाळून काढलेलं पांढरं 'सत्त्व' करायचा नाद नको. गाळताना कोंड्याबरोबर बराच चुना, म्हणजे कॅल्शियम, निघून जातं, आणि नागलीची खरी ताकद तीच.

अंडं सहा महिन्यांनंतर नीट उकडून, कुस्करून चालतं. आख्खे शेंगदाणे, फुटाणे लहान मुलाच्या हातात द्यायचे नाहीत, घशात अडकतात. कूट करून द्या. सुकट खारट असते, दोन-तीनदा धुऊन घ्या. पावसाळ्यात टाकळा, करटुली, कुर्डू, चिवळ, घोळ येतात. कुठली कशी शिजते हे तुम्ही शिकवायचं नसतं, तुम्ही शिकायचं असतं. शेवळं ही रानभाजी काकडाच्या आंबट फळांशिवाय शिजवली तर घसा खाजतो, हे मला घसा खाजवून कळलं. दिवसाअखेर एवढंच मोजा: अंगावरचं दूध, धान्य, डाळ-शेंगदाणे, दूध-दही, मासे-मटण, अंडं, पिवळी-केशरी फळं आणि हिरवा पाला, इतर भाज्या-फळं. या आठांपैकी पाच बोटं मोडली गेली तर दिवस चांगला. आया बोटांवर मोजतात, मुलींनाही ते आवडतं.

कोरा चहा मात्र सोडवावा लागतो. चहाने लोह अंगी लागत नाही. 'चहा बंद' म्हणून चालत नाही, कारण तो भूक मारतो म्हणूनच दिला जातो. चहाच्या वेळेला लाडू किंवा पेज तयार हवी.

कडेवर कोण आहे

आई लावणीला, रोजगार हमीवर किंवा भट्टीवर. बाळ आजीकडे, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे. मग वर्ग कोणाचा घ्यायचा? आजीला पहिली रांग द्या आणि तिचं ऐका. सुनेसमोर तिची चूक काढलीत तर घरचं दार बंद. 'आजी, तुमच्या वेळी बाळंतिणीला काय देत?' असं विचारलं की आळीव, डिंक, मेथी, नागलीची भाकर, सगळं बाहेर येतं, आणि त्यातलं निम्मं आपल्याला हवंच असतं.

बहिणींचा वर्ग शाळेत, शनिवारी. बाळाला कसं धरून भरवायचं, चमचा कधी थांबवायचा, हात कधी धुवायचे. खेळाच्या रूपात करा. पण भावंडं सांभाळायला शाळा बुडवायची सवय आपल्या वर्गामुळे वाढता कामा नये, याकडे लक्ष ठेवा.

बापांना रात्री भेटा. बाजार ते करतात. मी त्यांच्याशी एकच गोष्ट बोलते: आठवड्याला मुलाच्या पुड्यांवर किती गेले आणि त्यात किती अंडी आली असती. हिशोब जमिनीवर काडीने लिहायचा. पुरुषांना आकड्यांशी भांडायला आवडतं, भांडू द्या.

औषधं, थोडक्यात

तुम्ही औषध द्यायचं नाही, पण पोचतंय का ते बघायचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा एक मिली. शी काळी होते, आया घाबरून बाटली फळीवर ठेवतात, हे आधीच सांगा. जंतनाशक गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमाराला. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून, पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. जुलाब लागले तर जलसंजीवनी आणि १४ दिवस झिंक. जुलाबात खाणं बंद करायचं नाही, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे एक वाटी जास्त.

पावडरी, पुडे, पैसे

कोणीतरी डबे वाटायला येईल. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करणं, फुकट नमुने वाटणं १९९२ च्या कायद्याने बंद आहे. अशा कंपनीचा बॅनर, पिशवी, पेनसुद्धा घेऊ नका. मोठ्या मुलांच्या चॉकलेटी पावडरींना तो कायदा लागत नाही, तरी त्याही नकोत. वर्गाला खर्च फार येत नाही: तेल, मीठ, माप, साबण, पाड्यावरच्या ताईचं मानधन. तेवढं बचत गटातून उभं राहतं.

परसबागेसाठी बी विकत आणण्याआधी आज्यांच्या फडताळात बघा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच घरोघरच्या गावठी बियाण्यांसाठी. शेवगा, वाल, घेवडा, दुधी, अळू एवढं मोरीच्या पाण्यावर निघतं. शाळेत बाग केलीत तर मे महिन्यात पाणी कोण घालणार हे एप्रिलमध्येच ठरवा. नाहीतर जूनमध्ये फक्त पाटी उरते.

शहरातल्या वस्तीत हेच काम करत असाल तर दोन फरक. शेतातला पाला नसतो, पण सगळं दारात विकत मिळतं, म्हणून खरा अभ्यास कोपऱ्यावरच्या दुकानाचा. आणि बाई घरकामाला सकाळी सातला बाहेर पडते, तेव्हा वर्ग रात्री साडेआठनंतर किंवा रविवारी. गॅस संपत आला की महिनाअखेरीला डाळ शिजत नाही, हेही विचारून घ्या.

नोंदी

एका वहीत प्रत्येक मुलाचं एक पान. वजन महिन्याला, त्याच काट्यावर, त्याच सुमाराच्या वेळेला, कमी कपड्यांत. उंचीची घाई नको, तीन महिन्यांनी एकदा पुरे. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. वजन हललं नाही तर आईला विचारण्याआधी मधल्या काळात मूल आजारी होतं का ते विचारा. दोन महिने हललंच नाही तर क्षयाची तपासणी करायला सांगा. घरात कोणाला जुना खोकला असेल तर आणखी लवकर.

वर्ग चालला की नाही हे मी वजनाखेरीज एका गोष्टीवरून ओळखते. महिन्याने न सांगता सकाळी जायचं आणि फळीवर बाळाची वेगळी ताटली दिसते का ते बघायचं. दहापैकी चार घरांत दिसली तर पुढच्या पाड्यावर जायला हरकत नाही. उरलेल्या सहांकडे आता मी जात नाही, त्या चौघींपैकी कोणीतरी जाते.

पिशवीत काय असावं ते शेवटी: दंडाची पट्टी, २५० मिलीचं माप, सहा सारखे चमचे, साबण, मोडाच्या पिठाचा छोटा डबा, वही, टॉर्च. आणि पातेल्याला झाकण घ्या. पहिल्या वर्षी आम्ही ते विसरलो होतो, आणि पाड्यावरच्या कोंबड्या फार धीट असतात.